घरी बनवलेला रॉड स्टँड: काठावर बसून गरवणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

फेब्रुवारी सरला, धरणांचं पाणी उतरू लागलं, की माझ्या फोनवर मासे गरवायच्या रॉडच्या स्टँडबद्दल तेच ते प्रश्न सुरू होतात. सळई किती जाडीची? पाइप कुठला? कातळावर काय करायचं? दरवेळी तुकड्यातुकड्यात उत्तरं देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून काढतो. मी पुण्याच्या आसपासच्या धरणांवर गरवतो, म्हणजे गळाने मासे धरतो, वर्षातून दोन-तीनदा खाली कोकणात खाडीवर जातो. मी वेल्डर नाही. भंगारातल्या सळया आणि प्लंबरकडे उरलेले पाइप यांवरच माझं सगळं चाललेलं आहे, त्यामुळे खाली जे आहे ते कुणालाही जमेल असंच आहे.

स्टँड लागतोच कशाला? दगडावर टेकवला रॉड तर काय बिघडतं?

मीही बरीच वर्षं हेच म्हणायचो. मग एका मार्चमध्ये भाटघरच्या बॅकवॉटरला दोन दगडांच्या बेचक्यात रॉड टेकवला, ड्रॅग (मासा किती जोराने ओढल्यावर रिळातून दोरा सुटेल ते ठरवणारी पकड) चांगला आवळून ठेवला आणि डबा उघडला. भाकरीचा पहिला तुकडा ठेच्याला लावला असेल-नसेल, तेवढ्यात रिळाचं हँडल दगडावर खर्रर्र घासल्याचा आवाज आला. वळून पाहीपर्यंत रॉड पाण्यात. गुडघाभर पाण्यात धावलो, पण काठापासून वीस हातांवर टोक एकदा वर आलं, डोलल्यासारखं झालं आणि बुडालं. रोहू होता की सायप्रिनस (कॉमन कार्प), ते शेवटपर्यंत कळलं नाही. रॉड जुना होता, पण रीळ नवं होतं. हातातली भाकरी मात्र पाण्यात धावतानाही सुटली नव्हती, हे सोबतचा मित्र अजून सगळ्यांना सांगतो.

त्या दिवशी चूक दोन ठिकाणी झाली. एक दगडात आणि दुसरी ड्रॅगमध्ये. लोक पहिली सुधारतात आणि दुसरी तशीच ठेवतात. मग मजबूत स्टँडसकट रॉड जातो.

म्हणजे ड्रॅग किती ठेवायचा?

स्टँडमध्ये रॉड असेल तेव्हा अर्धा किलो, फार तर पाऊण किलो. हे अंदाजाने ठरवू नका. बॅगा मोजायचा हुकवाला काटा बहुतेक घरांत असतो. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉनच्या दोऱ्याला, गाठ मारून तो काटा अडकवा, रॉड कुणाला तरी धरायला सांगा आणि ओढा. रीळ कितीवर सुटायला लागतं ते काट्यावर दिसेल. पहिल्यांदा मोजाल तेव्हा चकित व्हाल. आपण ज्याला ‘थोडा सैल’ म्हणतो तो बऱ्याचदा दोन किलोंच्या वर निघतो.

मागे छोटी खुंटी असलेलं रीळ असेल, ज्यात खुंटी पाडली की स्पूल (तंगूस गुंडाळलेली चकरी) मोकळं फिरतं, तर प्रश्नच नाही. बसताना मोकळं ठेवा, रॉड हातात आला की हँडल फिरवा, ड्रॅग आपोआप लागतो. साधं रीळ असेल तर रॉड उचलल्यावर पुढची चकती आवळायची. दोन-तीन वेळा केलं की हाताला सवय होते.

ड्रॅग हा स्टँडचाच अर्धा भाग आहे, असं धरून चाला. खालची सगळी मापं ड्रॅग सैल आहे हे गृहीत धरूनच दिलेली आहेत.

पहिल्यांदाच बनवतोय. सगळ्यात सोपा आणि टिकाऊ प्रकार कोणता?

लोखंडी खुंटा आणि त्याला बांधलेली पीव्हीसीची नळी. साहित्य:

- २५ बाय २५ बाय ३ मिलिमीटरचा लोखंडी अँगल, अडीच फूट. नसेल तर १२ मिलिमीटरची टॉर सळई.
- ४० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, एक फूट.
- दोन होज क्लिप, म्हणजे गॅसच्या नळीला असते तसली पट्टी, पण ७० मिलिमीटरपर्यंत उघडणारी.
- ६ मिलिमीटरचा नट-बोल्ट, दोन इंच लांबीचा.
- सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा.

अँगलचं एक टोक हेक्सॉने तिरकं कापा. फॅब्रिकेशनवाल्याकडे ग्राइंडरवर दोन मिनिटांत होतं. माझ्या गल्लीतल्या वेल्डरने पहिल्या वेळी विचारलं होतं, “साहेब, लढाईला निघालाय का?” आता विचारत नाही, नुसता हात पुढे करतो.

आता नळी. खालच्या टोकापासून तीन सेंटिमीटरवर आरपार भोक पाडून बोल्ट आडवा घाला. रॉडची मूठ या बोल्टवर टेकते. बोल्ट नसेल तर रॉड नळीतून खाली घसरून चिखलात बसतो आणि मासा लागल्यावर उपसताना बूच काढल्यासारखी धडपड करावी लागते. नळीचं तळ बंद करू नका, पाणी आणि वाळू निघून गेली पाहिजे.

नळीच्या वरच्या तोंडाला एक खाच कापायची, दोन सेंटिमीटर रुंद आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल. रिळाचा पाय या खाचेत बसतो. ही खाच लोक विसरतात. मग रिळाचा पाय नळीच्या काठावर टेकतो, रॉड डुगडुगतो आणि वाऱ्यावर आपोआप गोल फिरत राहतो. खाच पाण्याच्या बाजूला येईल असं बघा, कारण आपल्याकडचं नेहमीचं स्पिनिंग रीळ रॉडच्या खाली लटकतं.

अँगलच्या कोनात नळी छान बसते. मध्ये ट्यूबचा तुकडा घालून दोन्ही क्लिपा स्क्रू-ड्रायव्हरने आवळा. क्लिपाच का, वेल्डिंग का नाही? कारण पीव्हीसीला वेल्डिंग होत नाही, आणि लोखंडी नळी केली तर रॉडच्या मुठीवरचा फोम दोन महिन्यांत सोलून निघतो. शिवाय क्लिपा सैल करून नळी काढली की सगळं पिशवीत मावतं.

सगळ्यात शेवटी नळीच्या तोंडाला सँडपेपर मारा. पाइप कापल्यावर राहिलेली धार तंगुसाला पातीसारखी लागते.

४० चा पाइप घेऊ की ५० चा?

आपल्याकडे पीव्हीसी पाइपचं माप बाहेरून मोजतात. ४० चा पाइप आतून ३६ च्या आसपास भरतो आणि सात ते नऊ फुटी साध्या रॉडच्या मुठीला तो पुरतो. समुद्रावरच्या लांब रॉडची मूठ जाड असते, त्याला ५० घ्या. दुकानात जाताना रॉडचा खालचा भाग सोबत न्या आणि आत घालून बघा, लाज वाटू देऊ नका. हलक्या हाताने आत-बाहेर झाला पाहिजे. घट्ट बसला तर मासा लागल्यावर निघणार नाही, आणि फारच ढिला असेल तर मासा लागल्याचं कळावं म्हणून टोकाला लावलेलं घुंगरू उगाच वाजत राहील.

वायरिंगचा पांढरा पाइप घेऊ नका, तो पातळ असतो, उन्हात तडकतो.

गोल सळई वापरली तर नाही का चालणार? अँगलचा एवढा आग्रह का?

चालते, पण फिरते. मासा सरळ समोर पळाला तर ठीक. तो काठाला समांतर, डावीकडे-उजवीकडे पळाला की गोल सळई जमिनीत खिळ्यासारखी फिरते आणि रॉड शेजारच्या रॉडवर जाऊन आदळतो. दोन तंगूस एकमेकांत गुंतले की पुढचा अर्धा तास गेला. अँगलला दोन पंख असतात, ते मातीला धरून ठेवतात.

सळईच हाताशी असेल तर जमिनीच्या वर येईल अशा जागी चार बोटं लांबीचा आडवा तुकडा वेल्ड करून घ्या. हा ‘कान’ मातीत अर्धा रुतवला की फिरणं थांबतं, आणि पायाने दाबून ठोकायलाही उपयोगी पडतो. वजन म्हणाल तर १२ ची सळई मीटरला ८८८ ग्रॅम भरते आणि हा अँगल १.१ किलो. अडीच फुटात फरक नगण्य.

पुढे बेचक्याचा टेकू आणि मागे नळी, असं दोन खुंट्यांचं करावं का?

रॉड जमिनीला समांतर ठेवायचा असेल तर करावं. रोहू-सायप्रिनससाठी शांत पाण्यावर मला हीच पद्धत आवडते, कारण रॉड, तंगूस आणि आमिष एका रेषेत येतात आणि माशाला ओढ कमी जाणवते. पण समांतर रॉडची नळीही आडवीच येते. तिचा बोल्ट काढा आणि रॉड वर उचलून नव्हे, पुढे सरकवून काढायची सवय करा. मागच्या टेकूची पकड पक्की असावी, पुढचा नुसता आधार असतो.

पुढच्या टेकूला ८ मिलिमीटरची सळई पुरते. ती ४० च्या लोखंडी पाइपभोवती वाकवून इंग्रजी ‘यू’ करा, ‘व्ही’ करू नका. स्पिनिंग रिळाचा तंगूस रॉडच्या खालून जातो. रॉडच्या वजनाने तो ‘व्ही’च्या तळाशी चिमटला जातो. मग मासा ओढतोय पण रीळ सुटत नाही, म्हणजे तुमच्या सैल ड्रॅगवर पाणी पडलं. ‘यू’च्या दोन्ही बाजूंना ट्यूब गुंडाळा आणि मधला तळ बोटभर मोकळा सोडा. त्या मोकळ्या जागेतून तंगूस सुटा धावला पाहिजे. बसल्यावर एकदा हाताने ओढून बघा.

रॉड किती तिरका ठेवायचा?

या प्रश्नावर काठावर भांडणं होतात. मी माझं गणित मांडतो.

नऊ फुटी म्हणजे २.७ मीटरचा रॉड जमिनीशी ६० अंशांत उभा केला, तर त्याचं टोक जमिनीपासून साधारण अडीच मीटर वर जातं. ३० अंशांत ठेवला तर दीड मीटरच्या थोडं वर. तंगूस पाण्यातून जवळजवळ आडवाच येतो, त्यामुळे टोक जितकं उंच तितकी तरफ लांब. खुंटा जमिनीत ३० सेंटिमीटर. पहारीने दगड उचकटतात ना, तसंच हे आहे. रॉड म्हणजे पहार, मासा म्हणजे गडी, आणि उचकटायची वस्तू म्हणजे तुमचा खुंटा. अडीच मीटर भागिले तीस सेंटिमीटर, म्हणजे टोकाच्या एका किलोचा खाली आठपट जोर. रॉड वाकतो म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी, पण खुंटा हलायला तेवढं पुरतं.

म्हणून धरणाच्या शांत पाण्यावर मी ३० अंशांच्या वर जात नाही. उभा ठेवायची खरी गरज दोनच ठिकाणी. वाहत्या नदीत, कारण तंगूस जितका पाण्याबाहेर तितका प्रवाह त्याला कमी ढकलतो. आणि समुद्रावर, कारण काठाजवळच्या फुटणाऱ्या लाटांच्या वरून तंगूस गेला पाहिजे. तिथे कोन वाढवा आणि त्याबरोबर खोलीही वाढवा.

एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वारा सुटतो तेव्हा उलट टोक खाली, पाण्याला लागेल असं ठेवा. नाहीतर तंगुसाचा पाळणा होतो आणि घुंगरू भजनाला बसल्यासारखं वाजत राहतं.

खुंटा किती खोल ठोकायचा?

माती बघा. मुरमाड जमीन सगळ्यात उत्तम, वीतभर ठोकला तरी धरतो. पाणी नुकतंच उतरलेल्या काळ्या मातीत फसगत होते. वरून कडक, पण दोन बोटांखाली लोण्यासारखी असते. तिथे फूट-सव्वा फूट तरी पाहिजे. त्याच मातीला उन्हाने भेगा पडल्या असतील तर भेगेत खुंटा घालायचा मोह होतो, कारण सहज जातो. सहज जातो तसाच सहज येतो. दोन भेगांच्या मधल्या ढेकळात ठोका.

उजनीच्या फुगवट्याला, भिगवणच्या बाजूला, गाळ भयंकर. तिथे मी साडेतीन फुटी खुंटा वापरतो आणि निम्म्याहून जास्त आत घालतो. ठोकताना खुंटा थोडा मागे, म्हणजे आपल्याकडे झुकलेला ठेवा. तंबूच्या खुंट्या अशाच मारतात.

ठोकल्यावर तपासायचं कसं? नळीचं तोंड धरून पाण्याच्या दिशेने हाताने जोरात ओढा. तुमच्या हाताला जो हलतो तो सायप्रिनसपुढे टिकत नाही.

आमच्याकडे सगळा कातळच. खुंटा जातच नाही.

सह्याद्रीतल्या निम्म्या काठांची हीच कथा आहे. यावर माझा उपाय रंगाची रिकामी बादली. २० लिटरची बादली घ्या. आतल्या भिंतीला, जी जमिनीच्या बाजूला येईल तिथे, नळी दोन बोल्टांनी तिरकी बसवा. बोल्टांना मोठे वॉशर घाला, नाहीतर बादलीचं प्लास्टिक फाटतं. जाताना बादली रिकामी, आत आमिष, पाण्याची बाटली, डबा. काठावर पोहोचलात की दगड-गोटे भरायचे. पूर्ण भरली की तीस किलोंच्या आसपास होते.

एवढं वजन म्हणजे खात्री, असं वाटतं. करा हिशेब. बादली पुढे उलटते ती पाण्याकडच्या कडेवर. मध्यापासून कड साधारण १४ सेंटिमीटर, म्हणजे धरून ठेवणारा जोर ३० गुणिले ०.१४, चारच्या थोडा वर. तिकडे रॉड ४५ अंशांत, टोक २.१ मीटरवर, ड्रॅग दोन किलो धरला तर उलटवणारा जोरही चारच्या थोडा वर. बरोबरीचा सामना! ड्रॅग अर्ध्या किलोवर आणला की तोच जोर एकवर येतो आणि तुम्ही चहा प्यायला मोकळे. पुन्हा ड्रॅगवरच आलो बघा.

दुसरा उपाय बांबूच्या तीन काठ्यांची तिकाटी. वर सुतळीने आवळून बांधायची आणि मधोमध पाच लिटरचा कॅन पाणी भरून लटकवायचा. पाणी तिथेच मिळतं, वजन घरून न्यावं लागत नाही. तिकाटीचा एक पाय पाण्याकडे आणि दोन पाय मागे ठेवा. पुढचा पाय जितका लांब टाकाल तितकं उलटणं कठीण.

खाडीवरच्या जेट्यांना आणि दगडी बंधाऱ्यांना वेगळं काही बनवत बसू नका. बादलीच न्या. लोखंडी कठडा असेल तर नळी त्याला ट्यूबच्या पट्ट्यांनी करकचून बांधली तरी काम भागतं.

समुद्रावर वाळूत काय करू?

इथे लोखंड विसरा. ५० चा जाड पीव्हीसी पाइप, चार फूट, खालचं टोक तिरकं कापलेलं. झाला स्टँड. खालून दोन फुटांवर आरपार बोल्ट घाला, म्हणजे रॉडची मूठ वाळूत जात नाही. दीड फूट तरी आत गेला पाहिजे. वरून हातोडी मारू नका, तोंड फुटतं. दोन्ही हातांनी धरून उजवीकडे-डावीकडे घुसळत दाबा, आणि अडला तर पाइपच्या बाजूने तांब्याभर पाणी ओता.

ओहोटीला ओल्या वाळूत रोवलेला पाइप घट्ट असतो, पण भरती चढू लागली आणि लाट बुडाशी येऊ लागली की वाळू खालून सरकते. तो दहा मिनिटांत ढिला होतो. भरतीबरोबर मागे सरकत राहायचं. तांबोशी किंवा शेंगाळ्यासाठी बसला असाल तर त्यांचा हिसका लक्षात घ्या आणि स्टँडपासून दोन पावलांच्या आतच बसा.

पाइपचं तोंड भोंग्यासारखं रुंद कसं करतात?

पीव्हीसी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, त्यामुळे उकळतं पाणी पुरतं. तीन-चार बोटं भाग दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरा, काचेच्या बाटलीच्या गळ्यावर दाबून फुलवा आणि तसाच गार पाण्यात बुडवा. जाड पाइप एका वेळेत होत नाही, दोनदा करा. हातमोजे घाला.

पाइप वाकवायचा असेल तर आत कोरडी वाळू ठासून भरा, म्हणजे मोडल्यासारखी घडी पडत नाही. स्टोव्हच्या ज्योतीवर धरायचा शहाणपणा करू नका. करपलेल्या पीव्हीसीचा धूर आम्लधर्मी असतो, घसा आणि डोळे जाळतो. मी एकदा स्वयंपाकघरात हा प्रयोग केला. धुरापेक्षा घरच्यांचं बोलणं जास्त दिवस टिकलं.

हे सगळं कशाला? बेचक्याची फांदी तोडली की झालं!

खरं आहे, आमचे आजोबा-काका असंच गरवायचे. सुबाभूळ जवळपास प्रत्येक धरणाच्या काठाला माजलेली असते, तिची बेचकी चांगली निघतात. वाळलेली किंवा पडलेली फांदी घ्या, अंगठ्यापेक्षा जाड, एक टोक कोयत्याने निमुळतं करा. बेचकं पुढच्या टेकूला झकास.

मागच्या पकडीला मात्र फांदी पुरत नाही, कारण ती रॉडला वरून धरत नाही. मासा टोक खाली ओढतो तेव्हा मूठ वर उडते. तिथे उलटं बेचकं, म्हणजे आकड्यासारखी फांदी मुठीवर उपडी ठोकायची. हे बघितलेलं कमी लोकांनी असतं, पण एक रुपया खर्च न करता रॉड थांबतो. वनखात्याच्या हद्दीत असाल तर फांदी तोडू नका, घरून घेऊन जा.

मासा लागला हे कसं कळणार? घुंगरू की लाइट?

दिवसा मी काहीच लावत नाही, टोकाकडे बघतो. रात्री टोकाला घुंगरू आणि चमकणारी कांडी. घुंगरू चिमट्याला बांधा, तंगुसाला नको.

रॉड समांतर असेल तर कणकेची सुपारीएवढी गोळी रीळ आणि रॉडवरच्या पहिल्या कडीच्या मधल्या तंगुसावर दाबून लावा. तंगूस थोडा सैल सोडा, गोळीच्या वजनाने तो खाली झोल खातो. मासा आमिष घेऊन पुढे गेला की गोळी वर चढते, आणि आपल्याकडे आला की खाली बसते. घुंगराला ही दुसरी हालचाल कळतच नाही. रॉड उचलताच गोळी गळून पडते. बाजारातली उपकरणं वापरून पाहिली, पण मी पुन्हा कणकेवरच आलो. वाळली की दुसरी लावायची, एवढाच त्रास.

कोणत्या माशांना स्टँड निरुपयोगी?

चिलापीला. ती टोचा मारून आमिष चोरते, रॉड हातात असेल तरच सापडते. मरळीला तर आमिष सतत खेळवावं लागतं, तिथे बसायला वेळ कुणाला? महाशीर असलेल्या पाण्यात रॉड स्टँडला लावून उठून जाऊ नका, त्याची पहिली धाव कुठल्याही घरगुती खुंट्याची परीक्षा घेतो. स्टँड खरा कामाचा रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि रात्रीच्या शिंगाळ्यासाठी. तळाशी आमिष टाकून तास-दीड तास वाट बघायची असते तिथे.

बाईकवरून नेताना टोकदार खुंटे कसे न्यायचे?

प्रत्येक टोकाला पाइपचा तुकडा आणि एंड कॅप घाला, सगळे एकत्र पोत्यात गुंडाळून सीटला आडवे नाही, लांबीत बांधा. पहाटे चारला नाकाबंदीत मला थांबवून हवालदारांनी पोतं सोडायला लावलं होतं. खुंटे बघून ते गंभीर झाले, मग खालून मैद्याच्या गोळ्यांचा डबा निघाला आणि “कुठलं धरण? काय लागतं तिथं?” इथवर गाडी आली. तेव्हापासून रीळ आणि डबा वरच ठेवतो.

काठावरही काळजी घ्या. गुरं पाण्यावर येतात ती ठरलेल्या वाटेने. त्या वाटेवर खुंटे ठोकू नका आणि उठताना एकही मागे सोडू नका. जमिनीतून चार बोटं वर आलेला अँगल म्हशीच्या पायात गेला तर काय होईल ते सांगायला नको. तुटका तंगूसही गोळा करून परत आणा. भिगवणला रोहित पक्षी उथळ पाण्यात चालतात, त्यांच्या पायांना तो अडकतो.

गंजू नये म्हणून काय?

रेड ऑक्साइडचा एक हात, वर ऑइल पेंटचे दोन. भडक रंग घ्या, गवतात हरवत नाही. खारं पाणी लागलं की घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा. होज क्लिपा स्टीलच्या घ्या. प्लास्टिकचे टाय उन्हाने ठिसूळ होतात, त्यांच्यावर रॉड सोपवू नका.

वळवाचं आभाळ भरून आलं तर?

रॉड स्टँडमधून काढा, आडवे ठेवा आणि काठ सोडा. कार्बनचा रॉड वीजवाहक असतो, आणि मोकळ्या काठावर तो सगळ्यात उंच उभा असतो. याच कारणाने हायटेन्शन तारांखाली कधीच बसू नका, रॉड मागे घेऊन फेकताना वर बघायचं राहून जातं. धरणाच्या खालच्या अंगाला नदीत बसला असाल आणि पाणी सोडण्याचा भोंगा वाजला, तर स्टँड बुडू द्या. खुंटा नवा मिळतो.

कुठेही स्टँड ठोकून बसलं तर चालतं?

नाही. राज्यातल्या बहुतेक जलाशयांमधली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांकडे किंवा ठेकेदारांकडे ठेक्याने दिलेली असते, आणि गोड्या पाण्यातल्या मासेमारीला महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय अधिनियम, १९६० लागू आहे. गावात पोहोचल्यावर आधी संस्थेच्या माणसाला भेटा. बऱ्याच ठिकाणी गळाने गरवणाऱ्याला थोड्या पैशांत किंवा नुसत्या विचारण्यावर बसू देतात, आणि वर मासा कुठे लागतो तेही सांगतात. न विचारता बसलात तर भांडण ठरलेलं.

कोयनेचा शिवसागर आणि चांदोलीचा भाग २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तिथे विषयच नाही. खडकवासल्याला एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) बाजूचा काठ लष्करी आहे, तिकडे फिरकू नका. मुंबईत पवईला गरवायचं असेल तर तिथल्या अँगलिंग असोसिएशनच्या रीतसर परवानगीने.

एवढा खटाटोप करण्यापेक्षा विकतचा घेतला तर?

घ्या की. पण विकतचे हलके स्टँड बहुतेक मऊ मातीसाठी बनवलेले असतात. आपल्या मुरमात दोनदा ठोकले की वाकतात, आणि कातळावर ते सपशेल आडवे. मी दोन घेतले होते. आता त्यांवर गॅलरीतला मनीप्लांट चढवलाय, चांगला चढतो.

परत निघताना खुंटा गाळातून निघतच नाही. काय करू?

सरळ वर ओढू नका, कंबर धरेल. गाळ खालून चोखल्यासारखा धरून ठेवतो, आत हवा किंवा पाणी गेल्याशिवाय सोडत नाही. आधी नळी काढून ठेवा. मग खुंट्याचं वरचं टोक धरून चारी बाजूंना गोल-गोल हलवा, वर भोक वाटीएवढं रुंद झालं की त्यात बाटलीभर पाणी ओता आणि पुन्हा हलवा. ‘पच्च’ असा आवाज आला की एका हाताने निघतो. गोल सळई असेल तर कानाला धरून नुसती पिळली तरी सुटते. अँगलला पिळता येत नाही, तेवढा एकच त्याचा दोष.